मदत हवी आहे: चौदा वर्षांचा ब्लॉग, आता नेमकं काय लिहायचं?

नमस्कार मंडळी,

इथं बरीच वर्षं नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची, उत्तरेश्वर पेठेत राहते. वय ४७. उद्यमनगरात एका फौंड्रीच्या (लोखंड ओतायच्या कारखान्याच्या) ऑफिसात हिशेब बघते. २०११ च्या दिवाळीच्या सुट्टीत ब्लॉगस्पॉटवर ब्लॉग उघडला. तेव्हा काय लिहायचं हा प्रश्नच नव्हता. मराठी टाइप होतंय आणि ते कुणाच्याही कॉम्प्युटरवर फॉन्ट न टाकता दिसतंय, एवढ्यावरच खूश होते. कात्यायनीला गेलो, लिहिलं. रंकाळ्यावर भेळ खाल्ली, लिहिलं. सासूबाईंचा पांढरा रस्सा लिहिला. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांबद्दल लिहिलं.

आज एकूण २१४ लेख आहेत. गेल्या रविवारी लेबलं मोजली: पाककृती ६३, पुस्तकं ४०, प्रवास २८, कोल्हापूर ३५ आणि 'मनातलं' ४८. या 'मनातलं'मध्ये जे कुठंच बसत नाही ते सगळं कोंबलंय, घरातल्या त्या एका ड्रॉवरसारखं. गेल्या अख्ख्या वर्षात पाच लेख झाले. त्यातले दोन तर 'बरेच दिवसांनी लिहितेय' असं सांगण्यातच संपले.

वाचक कमी झाले हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत आले. खोटं नाही ते. २०१३ साली गूगल रीडर (आवडते ब्लॉग एकाच ठिकाणी वाचायची सोय) बंद झालं तेव्हा काही नेहमीची मंडळी गळली. नवा लेख आला की वाचकांना फीडबर्नरची मेल जायची, ती २०२१ मध्ये थांबली. उरलेले फेसबुकवरून यायचे, तेही आता येत नाहीत. पण वाचक कमी झाले म्हणून लिहायचं थांबलं, की लिहिण्यात जीव राहिला नाही म्हणून वाचक गेले, हे मला खरंच सांगता येत नाही.

भाचा म्हणतो, "आत्ती, एकच नीश, म्हणजे एकच ठरावीक विषय पकड. तांबडा-पांढरा, मिसळ, झणझणीत. रील टाक. लोक कोल्हापूर म्हटलं की तेच बघतात." त्याचं चूक नाही. माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख पांढऱ्या रश्श्याचाच आहे. गंमत म्हणजे मी मटण खात नाही. सासूबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेले, चव त्यांनी बघितली. पुढची दहा वर्षं मी न खाल्लेल्या रश्श्यावर काढायची का?

मध्ये पैसे भरून एक ऑनलाइन कोर्सही केला. तिथं 'तुमचा आदर्श वाचक कोण' याचा तक्ता भरून घेतला: वय, शहर, कमाई, आवडीनिवडी. भरून झाल्यावर बघितलं तर तो माझ्या नणंदेचा बायोडेटा झाला होता. आणि ती माझा ब्लॉग वाचत नाही.

एकदाच मला पक्कं ठाऊक होतं की मी का लिहितेय. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आम्ही घर सोडून राजारामपुरीत बहिणीकडं होतो. शिरोलीजवळ हायवे बंद, पुण्या-मुंबईची माणसं तिकडंच अडकलेली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. त्या वेळी पाणी पंचावन्नच्या वर गेलं होतं. मी मोबाइलवरून दिवसातून दोनदा चार-पाच ओळी टाकायचे: पातळी किती, सुतारवाड्यात काय परिस्थिती, शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी कुठवर, कुठल्या रस्त्यानं जाता येतंय. जेवढं स्वतः बघितलं किंवा खात्रीच्या माणसाकडून कळलं तेवढंच. व्हॉट्सॲपवर धरण फुटल्याच्या अफवा फिरत होत्या, म्हणून ही एक शिस्त पाळली. परदेशातल्या एका बाईंनी खाली लिहिलं होतं, "आईचा फोन लागत नाही, तुमच्या गल्लीच्या मागच्याच गल्लीत असते." मी चौकशी केली. त्यांच्या आई शेजाऱ्यांबरोबर आधीच बाहेर पडल्या होत्या, तसं कळवलं. ते नऊ दिवस मला वाक्य कसं लिहू, शीर्षक काय देऊ असलं काही सुचलंही नाही. कुणीतरी वाट बघत होतं, बस्स.

पाणी उतरलं, आणि परत आपलं 'पावसाळी सहल: करायच्या सात गोष्टी'.

तर माझे प्रश्न असे:

एक, रोजच्या दिवसांत कुणी वाट बघत नसताना तुम्ही कशाच्या जोरावर लिहिता? 'स्वतःसाठी लिहा' असं कृपया सांगू नका. स्वतःसाठी माझी डायरी आहे, तीसुद्धा किराणा हिशेबाची.

दोन, पाककृतींचा वेगळा ब्लॉग काढून बाकीचं इथं ठेवू, की जुनं सगळं उडवून नव्यानं सुरू करू?

तीन, हा जरा वेगळाच. आमच्याकडं घरात, गल्लीत बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मीही. ब्लॉगवर मात्र 'आले, गेले' लिहिते. सुरुवातीला एकानं 'तुम्ही पुरुष आहात की स्त्री?' विचारलं होतं, तेव्हा लाजून सगळे लेख दुरुस्त केले. आता स्वतःचेच लेख वाचताना दुसरीच कुणीतरी बोलतेय असं वाटतं. याचा या सगळ्याशी संबंध आहे की मी उगीच जोडतेय?

प्रतिसाद १ (नाशिक)

काहीही उडवू नका! सेटिंग्जमध्ये बॅकअपची सोय आहे, आधी फाइल उतरवून घ्या. जे लेख नकोसे वाटतात ते मसुद्यात परत टाका, म्हणजे दिसणार नाहीत पण राहतील. वेगळा ब्लॉग काढायच्या फंदात पडू नका. मी तीन काढले, तिन्ही ओस पडलेत. आणि आकड्यांवर फार विसंबू नका. त्यात बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) असतात, आणि 'स्वतःच्या भेटी मोजू नका' हा पर्याय प्रत्येक ब्राउझरवर वेगळा लावावा लागतो. माझा एक 'निष्ठावान वाचक' दोन वर्षांनी माझाच मोबाइल निघाला.

प्रतिसाद २ (पुणे)

थोडं रोखठोक लिहितो, राग मानू नये. नीश, आदर्श वाचक वगैरे जाहिरातीचा किंवा विक्रीचा धंदा असेल तर लागतं. तुम्ही जाहिरातीचं नावही काढलेलं नाही. मग दुकान नसताना पाटी कसली रंगवायची? तुम्ही प्रसिद्ध केलेले लेख मोजलेत, न केलेले मोजलेत का? मसुद्यांच्या यादीत किती आहेत आणि कशावर? माणूस जे टाकायला बिचकतो ते तिथं पडून असतं.

प्रतिसाद ३ (इचलकरंजी)

ताई, 'आलो'च लिवा की! आमची आई सत्तर वर्षं 'जेवलो' म्हणते, अजून कुणी तिला पुरुष म्हटलं नाही. पुराचे लेख वाचले होते मी त्या वेळी, आमची नदीपण तीच. मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी शिवाजी पुलावरच्या खुणेपर्यंत चढलं का, म्हणून आजोबा विचारायचे आणि मी तुमचं पान उघडून सांगायचो. नाव आज कळलं. रस्सा मात्र बंद करू नका राव.

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला. ऑफिसात महिनाअखेर होती.

बॅकअप घेतला. पुण्याच्या दादांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवसांनी मसुदे उघडले. एकतीस निघाले. सहा पाककृती, दोन प्रवास, चार नुसतीच शीर्षकं. उरलेले एकोणीस फौंड्रीचे.

मला आठवतही नव्हते. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर लिहून सोडून दिलेले. रिजेक्शनच्या ढिगाबद्दल, ब्लो होल (हवेचं भोक) निघालेलं कास्टिंग बघून मोल्डरचं, म्हणजे साचा करणाऱ्याचं, तोंड कसं होतं त्याबद्दल, फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या) पोरांच्या खोकल्याबद्दल, ओतकामाच्या दिवशी माझ्या लेजरवर बसणाऱ्या काळ्या भुकटीबद्दल. एकही पुरा केला नव्हता. रेती आणि लोखंड, यात वाचण्यासारखं काय असणार, असं धरूनच चालले होते. शिवाय नोकरीची भीती. (यावर कुणाला अनुभव असेल तर जरूर सांगा. कंपनीचं नाव, गिऱ्हाइकांची नावं, दर, यातलं काहीच लिहायचं नाही एवढं ठरवलंय. ज्या माणसाबद्दल लिहीन त्याला आधी वाचून दाखवीन.)

त्यातला एक आमच्या पॅटर्नवाल्या मिस्त्रींवर आहे. लाकडाचा पॅटर्न (ज्यावरून रेतीत साचा उठवतात तो नमुना) करताना ते वेगळीच फूटपट्टी वापरतात. तिच्यावर बारा इंचच लिहिलेत, पण साध्या पट्टीशेजारी ठेवली तर एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोठी भरते. बिडाचं लोखंड निवताना शंभरात साधारण एक भाग आकसतं, म्हणून साचा आधीच तेवढा मोठा करायचा. नवीन असताना मी ती पट्टी ऑफिसात आणून रजिस्टरच्या रेघा मारल्या होत्या, आणि रकाने जुळेनात म्हणून अर्धा दिवस स्वतःलाच शिव्या घातल्या. मिस्त्री येऊन पट्टी उचलून घेऊन गेले, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलावर साधी पट्टी ठेवलेली.

हे सगळं काल त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, लाकूड सागवानी होतं, मी भलतंच लिहिलं होतं. मग विचारलं, "पुढचं कधी?" दिवाळीनंतर रिटायर होताहेत.

लेख रात्री बसून पुरा केलाय. शीर्षक अजून सुचेना. इचलकरंजीकर, तुमचं ऐकलं, सगळी क्रियापदं परत बदलली. उद्या सकाळी टाकतो.