आठ महिन्यांचं बाळ घेऊन युरोपला जावं का? माझं मत: जावं

माऊची_आई
परवाच परत आलो आम्ही, सोळा दिवस, व्हिएन्ना, साल्झबर्ग आणि म्युनिक, बास, तीनच गावं, व्हिएन्नात तर सहा दिवस घर घेऊन राहिलो. सोबत आठ महिन्यांची लेक. जायच्या आधी इतकं ऐकून घेतलंय की विचारू नका, तिला काय आठवणार आहे, तिचे हाल कशाला, दोन वर्षं थांबा की युरोप कुठं पळून जातोय का, सासूबाई तर दोन दिवस धड बोलल्या नाहीत. म्हणून इथे मांडतेय, कारण हे वाक्य ऐकून घरी बसलेल्या किमान चार मैत्रिणी मला माहितीयत आणि त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिला काहीच आठवणार नाही हे मान्य. पण मला आठवेल ना. बाळंतपणानंतर सात महिने मी घरात होते, दूध, लंगोट, झोप, परत दूध, दिवस कुठला वार कुठला कळत नव्हतं, आणि व्हिएन्नाला पहिल्या सकाळी तिला छातीशी बांधून शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत चालताना मला खूप महिन्यांनी वाटलं की मी पण आहे. आईला वाटणं हे कारण पुरेसं का नसावं?

आता प्रॅक्टिकल. विमानात दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर न्यायचं तर तिकीट मोठ्यांच्या साधारण दहा टक्के पडतं, पुढे पूर्ण सीट घ्यावी लागते आणि भाडं भलतंच वाढतं. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) बाळाला वेगळा लागतो, पासपोर्टही वेगळा, पण सहा वर्षांखाली व्हिसा फी नाही (मोठ्यांना ९० युरो आहे), बोटांचे ठसे बारा वर्षांखाली घेत नाहीत, प्रवास विमा मात्र तिचाही ३० हजार युरोंचा लागतो. पुढची भिंतीजवळची सीट आधी फोन करून मागून घ्या, तिथेच पाळणा लावतात, त्याला वजनाची मर्यादा असते आणि पट्टा बांधायचा दिवा लागला की बाळ उचलून घ्यावं लागतं, झोपलेलं असलं तरी. विमान उतरताना अंगावर पाजलं, कान दुखले नाहीत. बाळाच्या दुधाला आणि पाण्याला १०० मिलीचा नियम लागू नाही, फक्त तपासणीच्या आधी बाहेर काढून दाखवायचं.

घड्याळाचं म्हणाल तर उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, म्हणजे आपली सकाळी सहाला उठणारी पोर तिथे अडीचला टक्क जागी. पहिले तीन दिवस तसेच गेले. मग आम्ही ठरवलं की तिच्या घड्याळाने जगायचं, साडेसहाला ती बाग उघडते, फुकट, तेव्हा तिथे पळणारे चार लोक आणि आम्ही. दुपारी बारा ते तीन खोलीवर. संध्याकाळी परत बाहेर, जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो. दिवसाला एकच ठिकाण, त्याच्यापुढे काही नाही.

घोडबंदर_रोड
असहमत. पूर्ण असहमत. मी हे करून बसलोय म्हणून बोलतोय.

आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो, बारा दिवस सात देश, मुलगा अकरा महिन्यांचा. पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस, रोज चार-पाच तास बसमध्ये, बस थांबेल तेव्हाच डायपर बदलायचा आणि तो पण सीटवर. सहप्रवासी चांगले होते खरं पण बाळ रडायला लागलं की पस्तीस माणसं गप्प होतात ना ती शांतता फार जड असते. व्हेनिसला चारशेहून जास्त पूल आहेत आणि त्यांना पायऱ्या, बाबागाडी उचलून उचलून माझी कंबर गेली, बायको बाळाला घेऊन पुढे, ग्रुप त्याच्याही पुढे.

आणि सगळ्यात वाईट, स्वित्झर्लंडमधलं डोंगरावरचं युंगफ्राऊयोख. ग्रिंडेलवाल्ड गावाहून नवी केबलकार पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेते, तिथून रेल्वे, वर ३४५४ मीटर. कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त उंची हो. पोरगं वर गेल्यापासून किरकिरत होतं, आम्हाला वाटलं थंडी वाजतेय म्हणून अजून एक स्वेटर घातला. परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या वर बाळाला नेलं कशाला, मोठा माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून सांगतो, हे कसं सांगणार? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. रात्री ताप आला, डॉक्टर शोधला, पैसे आधी आपण भरायचे आणि विम्याचे नंतर मागायचे, ते तीन महिन्यांनी आले.

त्यामुळे ताई, तुमची सहल छान झाली याचा आनंद आहे, पण 'जावं' असं सरसकट लिहू नका, वाचून लोक बुकिंग करतात.

माऊची_आई
दादा, वाचून पोटात कालवलं. पण तुम्ही जे सांगताय ते बाळाविरुद्ध नाही, बारा दिवसांत सात देशांविरुद्ध आहे. ती टूर माझ्या आईवडिलांनाही झेपली नसती.

घोडबंदर_रोड
बरोबर आहे, पण पहिल्यांदा युरोपला जाणारी आपल्याकडची बरीच मंडळी अशीच जातात. व्हिसाची कटकट, भाषा, जेवण, सगळं टूरवाला बघतो म्हणून. व्हिएन्नात सहा दिवस घर घेऊन राहायचं हे सुचायलाच आधी एकदा जाऊन आलेलं असावं लागतं. त्यांना तुम्ही काय सांगणार?

माऊची_आई
त्यांना सांगेन की बाळ असताना ग्रुप टूर नको, हे मात्र शंभर टक्के. वरच्या पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं, राहिलं.

रात्रपाळी
मी बालरुग्ण विभागात नर्स आहे. प्रवासाला माझा विरोध नाही, पण धाग्यात एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहिते. गोवर. आपल्याकडे गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे आठ महिन्यांच्या बाळाला तो मिळालेलाच नसतो. आणि युरोप म्हणजे स्वच्छ, तिथे कसला गोवर असं आपल्या डोक्यात असतं, तर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागात (यात मध्य आशियातले देशही येतात) गोवराच्या १ लाख २७ हजारांवर केसेस नोंदल्या गेल्या, १९९७ नंतरचा सगळ्यात मोठा आकडा. विमानतळ, गाडी, म्युझियम, सगळी बंद हवेची गर्दीची ठिकाणं, आणि गोवर हवेतून पसरतो.

परदेश प्रवास असेल तर सहा महिन्यांनंतर एक जादा डोस आधी देता येतो, तो नेहमीच्या डोसांमध्ये धरत नाहीत, ते ठरल्या वेळी परत द्यावेच लागतात. निघायच्या किमान दोन आठवडे आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला. तिकीट काढायच्या आधी लसीचं कार्ड बघा, एवढंच माझं म्हणणं.

माऊची_आई
हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. आमच्या डॉक्टरांना 'फिरायला जातोय' एवढंच सांगितलं होतं, कुठे आणि किती दिवस हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. वाचून हातपाय गार पडले. खूप आभार, मूळ पोस्टमध्ये घालते.

साताऱ्याची_आजी
माझ्या दोन्ही लेकींची आणि सुनेची बाळंतपणं मी काढली आहेत, तेव्हा चार शब्द. बाळाचं सोडा, बाळं चिवट असतात. मी आईचं बोलते. आठव्या महिन्यात बाळ रांगायला लागतं, उष्टावण होऊन वरचं अन्न नुकतं सुरू झालेलं असतं, रात्री उठणं चालूच असतं. बाईच्या कमरेत, पाठीत अजून ताकद आलेली नसते. अशा वेळी परक्या मुलुखात सोळा दिवस स्वतः रांधायचं, धुवायचं, उचलायचं, ही विश्रांती कशी? घरी चार माणसं हाताशी असतात. मुली, हौस जरूर कर, पण अंगावर दुखणं काढून नको.

माऊची_आई
आजी, तुमचं पटतं, पण घरी चार माणसं हाताशी असतात हे आता सगळ्यांचं खरं नाही. आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि ती, दोघीच. तिथे निदान तिचा बाबा चोवीस तास सोबत होता. एक दिवसाआड सकाळ वाटून घेतली होती, त्याच्या सकाळी तो तिला घेऊन ट्रामने हिंडायचा आणि मी आठपर्यंत झोपायचे. बाळ झाल्यापासून सलग सहा तास झोपले ते व्हिएन्नात.

दुसरं_अंगण
तुझ्या लेकीचा बाबा तसा होता म्हणून, ताई. माझी बाजू सांगते. आम्ही पॅरिसला गेलो, मुलगी सात महिन्यांची. पॅरिसची मेट्रो १९०० सालची, बहुतेक स्टेशनांत लिफ्ट नाही, फक्त चौदा नंबरची लाइन नवी असल्याने तिथे सगळीकडे आहे. बाबागाडी मी धरायची, बॅग मी धरायची, कारण 'मला फोटो काढायचेत'. लूव्रमध्ये मी एका बाकावर पाऊण तास पाजत बसले आणि तो सगळं बघून आला, आल्यावर म्हणाला अगं मस्त आहे, तू पण बघायला हवं होतंस. मी बघितलं काय तर बाक. घरी जे चालतं तेच तिथे चालतं, फक्त जागा महागाची.

म्हणून मी विरोधातच. बाळाला झेपतं का हा प्रश्नच नाही माझा. जो बाप घरी रात्री एकदाही उठत नाही तो तिथे उठणार नाही. आधी घरातलं वाटून घ्या, मग तिकीट काढा.

साताऱ्याची_आजी
ही बोलली ते खरं बोलली. मी ऐंशी साली पंढरपूरला गेले होते कडेवर पोर घेऊन, तेव्हाही असंच झालं होतं.

माऊची_आई
@दुसरं_अंगण, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुझं म्हणणं माझ्या सगळ्या मुद्द्यांच्या आधी यायला हवं.

इझारकाठी
सहा वर्षं म्युनिकमध्ये आहे, दोन मुलं इथेच झाली. मला गंमत वेगळीच वाटते. आम्ही दर डिसेंबरला म्युनिकहून मुंबईला येतो, मोठा पहिल्यांदा आला तेव्हा पाच महिन्यांचा, विमानात आठ तास, पुढे गाडीने नाशिक, पाणी वेगळं, हवा वेगळी, डास, लग्नात दोनशे माणसांच्या हातात फिरला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाळाचे हाल करताय. उलट सगळे खूश. म्हणजे आजीआजोबांसाठी प्रवास केला तर कौतुक आणि आईबापांनी स्वतःसाठी केला तर हाल, हे मला कधीच पटलेलं नाही.

इकडे येणाऱ्यांसाठी थोडं. सहा वर्षांखाली जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेचं तिकीट लागत नाही. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्यांत लहान मुलांचा वेगळा कंपार्टमेंट असतो, तो आधी रिझर्व्ह करा, दार लावून पाजता येतं, पोरं खाली बसून खेळतात. डीएम नावाची साबण-शॅम्पू, बाळाच्या सामानाची दुकानं गावोगाव आहेत, तिथे बाळ बदलायचं टेबल असतं आणि डायपरही ठेवलेले असतात, वापरा, कुणी पैसे मागत नाही. मुंबईहून डायपरची अख्खी बॅग आणू नका.

रविवारी मात्र दुकानं बंद. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात दोन्हीकडे. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, डायपर, भाजी घेऊन ठेवा, नाहीतर मोठ्या स्टेशनातलं दुकान शोधत हिंडाल. आणि आजीने दिलेलं साजूक तूप. दुग्धजन्य पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणता येत नाहीत, तूप त्यातच आलं. बाळाची दुधाची पावडर चालते, सीलबंद, दोन किलोपर्यंत. नाचणीसत्त्व आणलंत तर इथल्या पाण्यात छान शिजतं, लोणी इथे घ्या आणि कढवा, दहा मिनिटांचं काम.

एसीची खात्री करून घर घ्या जुलै-ऑगस्टमध्ये. इथली जुनी घरं थंडीसाठी बांधलेली, उन्हाची लाट आली की रात्री दोन वाजेपर्यंत भिंती तापलेल्या असतात आणि बाळ झोपत नाही.

लोणावळा_लोकल
सगळं वाचलं. तरी मी 'थांबा'वालाच. मुलगा साडेचार वर्षांचा असताना गेलो, स्वित्झर्लंडला. त्याने स्वतः डबे मोजले, गाय दिसली की ओरडला, अजून रोज रात्री त्या लाल गाडीची गोष्ट मागतो. हे आठ महिन्यांत मिळत नाही. दहा टक्क्यांचं तिकीट आहे म्हणून आत्ता जायचं हा मुद्दा मला तर अजिबात पटला नाही, बाकीचा खर्च तर पूर्णच आहे ना.

माऊची_आई
तिकिटाचा मुद्दा कमजोर आहे, सोडून देते. पण साडेचार वर्षांची झाल्यावरही नेऊच की. ती सहल तिची असेल. ही माझी होती.

नवा_बाप
घाबरत विचारतोय. आमचं तिकीट पुढच्या महिन्यात २२ तारखेचं आहे, मुलगा तेव्हा सात महिने पूर्ण. झुरिकला उतरून इंटरलाकेन चार रात्री, युंगफ्राऊयोख, मग मिलान एक, व्हेनिस दोन, रोम तीन. बायको म्हणते रद्द करू, मी म्हणतो जाऊ. टूर नाही, स्वतःच ठरवलंय.

घोडबंदर_रोड
माझं मत विचाराल तर रद्द. नसेल करायचं तर युंगफ्राऊयोख तरी काढा, हात जोडून सांगतो. इंटरलाकेनजवळच लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात सपाट रस्ता आहे, धबधबे तिथूनच दिसतात, बाबागाडी ढकलत जा.

रात्रपाळी
आधी लस. उद्याच डॉक्टरांना फोन करा, अजून वेळ आहे.

इझारकाठी
मिलान आणि व्हेनिस दोन्ही काढ. इंटरलाकेन सहा, रोम चार. रोममध्ये जुन्या गावात सगळीकडे दगडी फरशी आहे, लहान चाकांची बाबागाडी अडकते, कापडी कॅरियर आण.

दुसरं_अंगण
बायको रद्द का म्हणतेय ते विचारलंत का?

नवा_बाप
नाही. तिला वाटतं बाळाला त्रास होईल, एवढंच म्हणाली होती. आज रात्री नीट विचारतो. तोपर्यंत व्हेनिसचं बुकिंग रद्द केलंय, रद्द करणं फुकट होतं गुरुवारपर्यंत.