पटकथेतल्या 'बीट'ला मराठीत काय म्हणायचं?

पेठेतला_लेखकू: शॉर्टफिल्म लिहितोय. इंग्रजी पटकथांमधे संवादाच्या मधेच कंसात 'बीट' असतं, तिथं मी 'क्षणभर थांबून' लिहिलं. आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणतो बीट म्हणजे थांबणं नव्हेच, वळण. खरं काय?

सईताई: दोन्ही. कंसातला तो पॉज. रचनेबद्दल बोलताना मात्र बीट म्हणजे सीनचा सगळ्यात लहान तुकडा, जिथं पात्राचा डाव बदलतो. हे बघ:

बाप: म्हैस कुठाय?
पोरगा: पाऊस येतोय, छपरावर कागद टाकाय पाहिजे.
(बाप रिकाम्या दाव्याकडं बघतो.)
बाप: कितीला दिलीस?

दाव्याकडं बघितलं तिथं बीट बदलला, 'विकली' हा शब्द कुणी उच्चारलाच नाही. 'क्षणभर थांबून' लिहिलं की नट नुसता उभा राहतो, त्यापेक्षा त्याला बघायला, करायला कायतरी दे.

जुना_प्रेक्षक: उदाहरण झकास, पण मराठीत बीट एकतर हवालदाराचा नाहीतर कोशिंबिरीतला. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ज्या कोल्हापुरात 'सावकारी पाश' चित्रपट काढला तिथं आपल्याला एक शब्द सापडू नये? सरळ 'ठोका' म्हणा.

रंकाळा_कट्टा: काका, सेटवर 'इथं ठोका' म्हणून बघा, पोरं बाह्या सरसावून येतील 😂

नाटकवेडा: मूळ शब्द 'बिट' म्हणजे तुकडा असं सांगतात. स्तानिस्लावस्की या रशियन नाट्यदिग्दर्शकाची अभिनयपद्धत अमेरिकेत शिकवणाऱ्या रशियन मंडळींच्या उच्चारात त्याचा 'बीट' झाला म्हणे. खरं असेल तर 'तुकडा'च बरोबर.

रंकाळा_कट्टा: आमचे सर तर म्हणायचे पटकन सांगून होते ती पटकथा.

जुना_प्रेक्षक: काहीही! पट म्हणजे कापड, पडद्यावरची कथा ती पटकथा. आणि सावरकरांनी 'दिग्दर्शक' दिला तेव्हाही नाकं मुरडली असतीलच की, रुळला ना?

सईताई: रुळला कारण लोकांनी वापरला. बीटसुद्धा लोकच वापरतायत, मग तो रुळलेला का धरायचा नाही?

गंगावेसकर: ते ऱ्हाऊदे. कोल्हापूरचा बाप 'म्हैस कुठाय' म्हणंल व्हय? 'म्हस'! एकदा संध्याकाळी आमच्या दूधकट्ट्यावर उभं राहून ऐका आणि मग संवाद लिवा.

जुना_प्रेक्षक: बोलताना म्हस, लिहिताना म्हैसच. नटाला कळतं.

गंगावेसकर: पुण्याच्या नटाला कसं कळंल?

पेठेतला_लेखकू: अहो पण कंसात काय लिहू?

गंगावेसकर: आधी म्हस लिही भावा.