गढूळ पाण्यात मरळसाठी स्पिनरचं ब्लेड आणि रंग कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा. सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, कधी दारणेच्या काठाला जातो. वडिलांबरोबर लहानपणापासून गळ टाकलाय, बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा, बस. दोन वर्षांपूर्वी रॉड आणि रील घेतलं आणि तेव्हापासून ल्यूरवर, म्हणजे खोट्या आमिषावर, मरळ धरायचं वेड लागलंय.

आता अडचण सांगतो. जानेवारीत पाणी नितळ होतं तेव्हा चंदेरी, लांबट पातळ ब्लेडचं स्पिनर (ओढलं की तारेभोवती धातूचं पातं फिरतं ते ल्यूर) टाकलं तर सकाळी सकाळी दोन मरळ लागल्या, एक तर दीड किलोच्या आसपास भरली. आता त्र्यंबककडे पाऊस झाला की बॅकवॉटरचं पाणी पार चहासारखं होतं, कोपरापर्यंत हात घातला की स्वतःची बोटं दिसत नाहीत, आणि त्यात तेच स्पिनर मी सलग चार रविवार टाकतोय पण एक ओढसुद्धा नाही. मासा नाही असं म्हणावं तर तसंही नाही, मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर गोल उमटतो तो दर दहा-पंधरा मिनिटांनी कुठे ना कुठे दिसतोच. गेल्या रविवारी तर अगदी पायाजवळ पाणी हललं, काळी पाठ दिसली, ब्लेडच्या मागे मागे आली आणि वीतभर अंतरावरून वळून गेली. हात थरथरत होते माझे.

दुकानात विचारलं तर म्हणाले लाल घ्या, मरळला लाल आवडतो. घेतला, काही नाही. काठावर एक काका भेटले ते म्हणाले रंगाचं काही नसतं, नशीब लागतं. मला हे पटत नाही, जानेवारीत लागली आणि आता लागत नाही म्हणजे काहीतरी कारण असणारच ना. तर गढूळ पाण्यात कुठलं ब्लेड, कुठला रंग, आणि संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर काय बदलायचं, कोणी नीट समजावून सांगेल का? आणि काठाला पाणवेली आहेत, स्पिनरचा तीन काट्यांचा हुक दर दुसऱ्या कास्टला त्यात अडकतो, त्यावरही काही उपाय असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
भाऊ, मासा आहे आणि मागे येतोय म्हणजे जागा बरोबर आहे, ब्लेड बदल. तुझ्याकडे आहे ते विलो लीफ, विलोच्या पानासारखं लांबट. ते तारेला चिकटून भराभर फिरतं, चमक खूप देतं पण पाणी फारसं ढकलत नाही. नितळ पाण्यात आणि उन्हात ते उत्तम, कारण तिथे मासा डोळ्याने शिकार करतो. गढूळात त्याला चमक दिसणार कुठून? तिथे तो अंगाच्या बाजूला जी रेषा असते तिने पाण्यातली थरथर ओळखतो. म्हणून गोल, खोलगट कोलोराडो ब्लेड लाव. ते तारेपासून लांब फाकून फिरतं, रॉडच्या मुठीपर्यंत धडधड जाणवते, आणि अगदी हळू ओढलं तरी फिरत राहतं. या दोन्हींच्या मधलं इंडियाना, पाणी थोडंच गढूळ असेल तेव्हा ते.

रंगाचं म्हणशील तर नितळ पाणी आणि ऊन असेल तर चंदेरी, ढगाळ हवा किंवा चहासारखं पाणी असेल तर सोनेरी नाहीतर तांब्याचं, आणि अगदीच चिखल असेल तर पोपटी-पिवळा किंवा पांढरा. लाल रंग नितळ पाण्यात खोल गेला की सगळ्यात आधी काळपट पडतो, गढूळात उलट निळा आधी मरतो. पण तू दोन फूट खोलीवर ओढतोयस, तिथे लाल घेतल्याने बिघडलं असं मला वाटत नाही, ब्लेडनेच घात केलाय. सांजेला काळा वापरून बघ, मासा खालून वर बघतो तेव्हा आकाशाच्या उजेडावर काळी आकृती ठळक दिसते.

पाणवेलींसाठी वाकवलेल्या तारेचं स्पिनरबेट घे, त्याची वरची तार आणि ब्लेड हुकच्या पुढे येतात, वेल बाजूला सरकतो. साधं स्पिनर वापरशील तेव्हा पुढे स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी छोटी कडी) लाव, नाहीतर लाईनला पीळ पडतो.

आणि एक कळकळीने सांगतो, पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका हलताना दिसला तर तिथे ल्यूर टाकू नकोस. आईबाप खालीच राखण करत असतात आणि रागाने लगेच चावतात, पण त्यांना काढलं की बाकीचे मासे पिल्लांना खाऊन टाकतात.

मूळ प्रश्नकर्ता
दादा खूप आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. मागे आलेली ती मरळ का वळली ते आत्ता कळलं, मी भराभर ओढत होतो कारण हळू केलं की ब्लेड फिरायचं थांबायचं. पिल्लांचं लक्षात ठेवतो, गेल्या महिन्यात तसा झुबका दिसला होता आणि मला वाटलं किडे आहेत. सोनेरी कोलोराडो आजच बघतो दुकानात. फक्त ब्लेडचा नंबर, म्हणजे आकार, सांगा, माझं स्पिनर ३ नंबरचं आहे, त्यावर ४ नंबरचं गोल ब्लेड लावलं तर अख्खं स्पिनर स्वतःभोवती गरगरेल का, की आधी ३ चंच लावून बघू?