प्रतिसाद: कोलेस्टेरॉल उतरलं, पण तेल सोडल्यामुळे नव्हे

ताई, मामांना ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) निघाला तेव्हाच्याच रिपोर्टात कोलेस्टेरॉल ९८ इतकं कमी आलं, त्यावर वरच्या प्रतिसादात कुणीतरी "तेल सोडल्याचा गुण" लिहिलंय. तसं नसतं हो. ल्युकेमियाच्या पेशी भराभर वाढतात, प्रत्येक नव्या पेशीच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागतं आणि त्या ते रक्तातल्या एलडीएल म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉलच्या कणांमधून ओढून घेतात. म्हणून आकडा पडतो, एचडीएल म्हणजे "चांगल्या" कोलेस्टेरॉलचासुद्धा. उपचार लागू पडले की तो बहुधा पुन्हा वर येतो. तेव्हा घाबरू नका. अ‍ॅस्परॅजिनेज (ल्युकेमियाचं एक औषध) आणि स्टेरॉइड चालू असतील तर मात्र ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चांगलेच चढू शकतात, त्यावर डॉक्टरांची नजर हवी.

बाकी, आपल्या सोलापुरात शेंगाचटणीशिवाय भाकरी उतरते कुणाला? डॉक्टरांनी तेल बंद केलं नसेल तर खाऊ द्या की. फक्त केमोत पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना बाजारातली सुटी चटणी नको, घरी ताजी कुटा.