लॉजिक स्वस्त आहे खरं, पण...

गाणी बनवायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, या तुझ्या प्रश्नावर 'लॉजिक (अ‍ॅपलचं, मॅकवर चालणारं संगीताचं सॉफ्टवेअर) एकदाच विकत घ्यायचं, पुढचे अपडेट फुकट, तेव्हा सरळ मॅकच घे' असा सल्ला तुला वर मिळालाय; तो मला अर्धाच पटला. सॉफ्टवेअर स्वस्त पडतं, कारण खरे पैसे यंत्रात जातात. शिवाय लॉजिक मुळात अ‍ॅपलचं नव्हतंच. ते एमॅजिक या जर्मन कंपनीचं, विंडोजवरही चालायचं. २००२ मध्ये अ‍ॅपलने कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. विंडोजवर लॉजिक वापरणाऱ्यांनी काय करायचं? मॅक घ्या, नाहीतर नवं सॉफ्टवेअर शिका!

प्लगइनचंही (सॉफ्टवेअरला वरून जोडायची वाद्यं नि इफेक्ट) तसंच. लॉजिक अ‍ॅपलच्या 'ऑडिओ युनिट्स' प्रकारची प्लगइन घेतं, विंडोजवरही चालणारी 'व्हीएसटी' प्रकारची नाही. उद्या विंडोजवर गेलात तर प्रोजेक्ट फाइल उघडणारच नाही. (मॅकची आवाज हाताळणारी यंत्रणा, कोअर ऑडिओ, झकास आहे, ते मान्य. विंडोजवर एएसआयओ या साउंड ड्रायव्हरशी झटापट मीही केली आहे.)

मी रीपर हे दुसरं संगीताचं सॉफ्टवेअर वापरतो. मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि त्याची प्रोजेक्ट फाइल साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते. त्याच्यासोबत येणारी वाद्यं मात्र लॉजिकच्या पासंगालाही पुरत नाहीत.

तरी पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडता यावं म्हणून गाणं संपलं की मी प्रत्येक ट्रॅक पहिल्या मात्रेपासून वेव्ह फाइलमध्ये काढतो, मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा याची नोंद) वेगळी ठेवतो आणि टेम्पो (गाण्याचा वेग) फोल्डरच्या नावातच लिहितो: '९२_भैरवी_अंतिम'. 'अंतिम'नंतर 'अंतिम२' येतंच, तो भाग वेगळा.

तुझ्याकडे सध्या यंत्र कोणतं आहे? आणि लाइव्ह रेकॉर्डिंग जास्त, की सगळं मिडीवर?