गडद पट्टे आणि पांढुरकी साय

गडदाला लागून फिकट ठेवलं की मेणचित्र (वितळवलेल्या मेणात रंग मिसळून केलेलं चित्र) उठून दिसतं, असं या चर्चेत लिहिलंय, ते पटलं. डोळे किलकिले करून पाहिलं की गडद-फिकटाचा कोणता फरक टिकतो ते कळतंच. पण मेणात पृष्ठभागाचाही विरोध असतो, म्हणजे खरबरीत आणि घोटलेल्या भागांतला फरक, त्याबद्दल कुणी काहीच लिहिलं नाही. मी जांभ्याची वस्त्रगाळ भुकटी मेण आणि राळेच्या मिश्रणात भरपूर घालतो. तो भाग खरबरीत, मंद राहतो आणि शेजारचा घोटलेला काळा विहिरीसारखा खोल वाटतो. मोबाइलच्या फोटोत यातलं निम्मंही येत नाही.

हा काळा मात्र सांभाळावा लागतो. नव्या मेणावर पहिले काही महिने पांढुरकी साय धरते, ती गडद भागावर सर्वात जास्त दिसते आणि सगळा विरोध फिका पडतो. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीपासून चपलांपर्यंत सगळ्याला बुरशी येत असल्यामुळे लोक हीसुद्धा बुरशीच समजतात, पण ही मेणाचीच असते. मऊ, कोरड्या सुती कापडाने हलक्या हाताने घासा, काळा परत येतो. (जांभ्याच्या भागाला हात लावू नका, तो चकाकला की संपलं.) चित्रात कोलाजसाठी चिकटवलेल्या कागदाची कडा मेणाबाहेर राहिली असेल तर तिथे मात्र खरीच बुरशी धरते. तिथे मेणाचा आणखी एक हात द्या. मग हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) लांबूनच फिरवा, मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंश सेल्सिअसलाच वितळतं आणि कडा वाहून जातात.