कोअर वाढवत नेऊन आता काय हाती लागणार?

धरमपेठकर
घरच्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरपुरती कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, वाढवण्याची शर्यत संपत आली आहे, असं माझं ठाम मत आहे. नागपुरात बर्डीवर दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, 'किती कोअर पाहिजेत?' मुलं त्याच एका आकड्यावर आईवडिलांचे पैसे घालतात. हे पाहवत नाही, म्हणून धागा काढतोय.

कोअर वाढले ते नाइलाजाने. २००४ मध्ये इंटेलचा पेन्टियम-४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झ वेगावर थांबला. जाहीर झालेलं ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल कंपनीने रद्द केलं. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, लहान होत होते, पण व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास अडकलं, कारण त्याखाली फार नेलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट झिरपत राहतो. वेग वाढवावा तर चिप तापते. मग २००५ मध्ये साध्या पीसीत दोन कोअर आले. पण कॉम्प्युटर अभियंता ॲमडालचा १९६७ चा नियम काही बदललेला नाही. कामाचा ९५ टक्के भाग वाटून देता आला, तरी उरलेल्या ५ टक्क्यांमुळे वेग वीस पटींपलीकडे जात नाही. मग कोअर हजार लावा की लाख.

व्हीएनआयटी_हॉस्टेल
साफ असहमत. ॲमडाल कामाचा आकार ठरलेला धरतो. गुस्ताफसन या संशोधकाने १९८८ मध्येच मांडलं होतं की मोठं यंत्र हाती आलं की माणूस कामही मोठं घेतो. आमचं सिम्युलेशन असंच आहे. जास्त कोअर मिळाले की आम्ही हिशेबासाठी वस्तूचे तुकडे पाडणारी जाळी आणखी बारीक करतो.

दुसरं म्हणजे, चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. वेग थोडा उतरवला की व्होल्टेजही उतरतं, आणि तेवढ्याच वॉटमध्ये दोन सावकाश कोअर एका धावणाऱ्या कोअरपेक्षा जास्त काम उरकतात. इंटेलची स्पर्धक एएमडीने २०२४ मध्ये सर्व्हरसाठी १९२ कोअरचा प्रोसेसर काढला तो याच हिशेबाने. कोअर नको म्हणता, तर वेग आणणार कुठून?

बर्डीचा_दुरुस्तीवाला
भाऊ, तुम्ही दोघंही मे महिन्यात दुकानात येऊन पाहा. बाहेर ४५ अंश. पंखा केवढाही लावा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो चिपला करूच शकत नाही. झाकण उघडलं का हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता खेचणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत धूळ आन कूलरच्या गवताचा भुसा, ओलाव्यानं पार थापला गेलेला. चिप अन् हीटसिंकमधली पेस्ट वाळून तडकलेली. प्रोसेसर ९५ अंशांवर गेला का स्वतःच वेग उतरवते. सोळा कोअरचं मशीन आठवाल्याच्या मागं चालताना पाहून राहिलो मी. कोअरचे पैसे दिले अन् ते वापरताच येऊन नाही राहिले, तर उपयोग काय बाप्पा?

महालातली_अकाउंटंट
आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर महिनाअखेरीला तासभर अडकतं. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं, तर एका कोअरचा आलेख वर टेकलेला आणि बाकीचे जवळपास सपाट. नवीन मशीन घ्यायचं आहे. मी काय पाहू?

धरमपेठकर
ताई, तुमच्यासाठी कोअर मोजण्यात अर्थ नाही. एका कोअरचा वेग, कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) आणि एसएसडी (वेगवान डिस्क) पाहा.

हॉस्टेलवाल्या मित्रा, पुढचा वेग चिपच्या मांडणीतून येईल. चिपवर प्रकाशाने नक्षी छापणारं लिथोग्राफी यंत्र एका वेळी २६ बाय ३३ मिलिमीटरच छापतं, म्हणजे ८५८ चौरस मिलिमीटर. शिवाय तुकडा जितका मोठा, तितका एखाद्या दोषाने वाया जायचा धोका जास्त. म्हणून एएमडीने २०१९ मध्ये आपल्या रायझन प्रोसेसरचे कोअर सुमारे ७४ चौरस मिलिमीटरच्या चिपलेटवर, म्हणजे छोट्या वेगळ्या चिपतुकड्यावर, घेतले आणि बाहेरच्या जोडण्यांचं काम जुन्या, स्वस्त तंत्राच्या वेगळ्या तुकड्यावर टाकलं. कॅशेची तर आणखी पंचाईत आहे. टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या '५ नॅनोमीटर'नंतरच्या एन३ई या उत्पादन प्रक्रियेत कॅशेचा पेशीघटक, म्हणजे एक बिट साठवणारा भाग, लहान झालाच नाही. अशा वेळी कॅशे कोअरच्या वर चढवणं हा एक मार्ग आहे. एएमडीचा तसा केलेला २०२२ चा आठ कोअरचा ५८००एक्स३डी गेममध्ये त्याच पिढीच्या सोळा कोअरवाल्याला मागे टाकत होता.

व्हीएनआयटी_हॉस्टेल
त्याच चिपचा वेग एएमडीला कमी ठेवावा लागला होता, हेही लिहा. वर कॅशे बसली की खालच्या कोअरची उष्णता बाहेर पडायला अडचण होते. २०२४ मध्ये कॅशे खाली नेली, तेव्हा वेग वर आला. म्हणजे दुरुस्तीवाल्या भाऊंचा मुद्दा तुमच्या मांडणीलाही लागतो.

आणि मोठा तुकडा वाया जातो म्हणता, तर सेरेब्रास कंपनीची चिप पाहा. ४६,२२५ चौरस मिलिमीटरची अख्खी वेफर (जिच्यातून एरवी अनेक चिप कापतात ती सिलिकॉनची चकती) हीच एक चिप, तिच्यावर सुमारे ९ लाख कोअर. दोष येतातच, पण कोअर इतके लहान की बिघडलेला वगळून शेजारचा राखीव जोडून घेतात. मोठी चिप जमली ती कोअर भरपूर आणि लहान ठेवले म्हणूनच.

धरमपेठकर
सेरेब्रासचा मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण ती एआय मॉडेलसाठी बनवलेली चिप आहे, आणि ते काम जात्याच लाखो तुकड्यांत वाटलं जातं. ताईंचा महिनाअखेरीचा हिशेब तसा वाटता येत नाही. पुढची नोंद आधीच्या शिल्लकीवर उभी असते. तिथे तुमचे ९ लाख कोअर काय करतील?

व्हीएनआयटी_हॉस्टेल
एका खात्याच्या नोंदी ओळीने लागतील, कबूल. पण खाती शेकड्यांनी आहेत ना? ती वाटता येतात. तसं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने कष्ट घेतलेले नाहीत, एवढंच. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतसुद्धा ३.१३ आवृत्तीत थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामची वेगवेगळी कामं, खऱ्या अर्थाने समांतर चालवायचा पर्याय प्रायोगिक म्हणून आला. ताई, सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून हे जरूर विचारा.

महालातली_अकाउंटंट
उद्याच विचारते. तोवर मशीन आठ कोअरचंच घेते, आणि भाऊंकडून आधी जुनं साफ करून पाहते.